कुटुंबाच्या नावाने

इसवी सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे शनैश्चराच्या चौथऱ्यावर स्त्रियांनी पाऊल ठेवले, आणि त्या घटनेची चर्चा देशभर झाली. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या निमित्ताने, पूजास्थानांतील प्रवेशासंबंधीच्या १९५६ च्या कायद्याचा अंमल करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले होते. साठ वर्षे दप्तरात पडून राहिलेला कायदा अखेर रूढीपुढे उभा राहिला आणि रूढीला वाट सोडावी लागली. त्यानंतर चार महिनेही लोटले नव्हते, तोच जुलैच्या १९ तारखेस राज्यसभेने आणि २६ तारखेस लोकसभेने बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात एक दुरुस्ती संमत केली. या वेळी प्रकार उलटा घडला: रूढी जागच्या जागी राहिली आणि कायदा मागे सरला. पहिल्या घटनेच्या मानाने या दुसऱ्या घटनेचा गवगवा फारच थोडा झाला, आणि ज्या मुलांच्या आयुष्याशी तिचा संबंध होता त्यांच्यापैकी कोणाच्या कानी तिची वार्ता गेली असेल, असे मला वाटत नाही.

त्या दुरुस्तीला न्याय देऊन बोलावयाचे, तर तिच्यात चांगले म्हणावे असे काही होते, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. १९८६ च्या कायद्याने मुलांना केवळ काही ठरावीक धोक्याच्या कामांवरून दूर ठेवले होते. नव्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात नोकरीस ठेवणे हाच गुन्हा ठरविला, तो दखलपात्र केला आणि दंडाची रक्कम वीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत नेली. परंतु याच कलमाच्या पोटात दोन अपवाद घालण्यात आले. नाटक-सिनेमा, जाहिराती, दूरचित्रवाणी आणि सर्कस वगळून खेळ यांत काम करणाऱ्या बालकलावंतांचा अपवाद हा त्यांतला एक. त्याविषयी येथे बोलत नाही. दुसरा अपवाद असा, की शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबास अथवा कुटुंबाच्या उद्योगास मदत करीत असेल, आणि तो उद्योग धोक्याच्या यादीतला नसेल, तर ते काम बालमजुरी समजले जाणार नाही. कुटुंब म्हणजे कोण, तेही कायद्याने सांगून ठेवले आहे. आईवडील आणि भावंडे तर त्यात आहेतच. शिवाय काका, आत्या, मामा आणि मावशी यांचाही त्यात समावेश आहे. आणि कुटुंबाचा उद्योग म्हणजे केवळ घरच्या माणसांनीच चालविलेला उद्योग असेही नव्हे. घरच्यांनी बाहेरची माणसे कामास लावून चालविलेला धंदादेखील त्या व्याख्येत बसतो.

आता ही व्याख्या घेऊन शिंगणापुराच्या वाटेला लागावे. संभाजीनगरच्या हमरस्त्यावरून घोडेगावापाशी वळले, किंवा राहुरीकडून सोनई मार्गे आले, तरी रस्त्याच्या दोहों बाजूंस उसाच्या रसाच्या रसवंत्या लागतात. लाकडी चरकाभोवती बैल फिरत असतो आणि बाजूला बाकड्यांवर यात्रेकरू विसावलेले असतात. देवस्थान जवळ आले की पूजासाहित्याची दुकाने सुरू होतात: तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, नारळ, काळे कापड, घोड्याची नाल. गाड्या अडवून भाविकांना अमुकच दुकानात नेण्यासाठी दलालीवर फिरणारे लोक असतात, त्यांना या भागात ‘लटकू’ म्हणतात. यांपैकी बहुतेक व्यवसाय घरचे आहेत. त्यांत मेहनत आहे, आणि त्यांवर कित्येक कुटुंबांची पोटे चालतात. या गावाचा मोठा वार शनिवार. जिल्हा परिषदेच्या शाळा त्या दिवशी सकाळच्या भरतात आणि दुपारच्या आत सुटतात. दुसरा दिवस रविवारचा, सुट्टीचा. म्हणजे ‘शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत’ ही कायद्याची सवलत आणि या बाजारपेठेची ऐन गर्दीची वेळ या दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसतात. २०१७ च्या जून महिन्यात केंद्र सरकारने जे नियम जाहीर केले, त्यांत म्हटले आहे की अशी मदत विश्रांतीचा काळ सोडून तीन तासांहून अधिक असू नये आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत मुळीच असू नये. शनी अमावास्येला लाखोंची रीघ लागलेली असताना, मामाच्या दुकानात रुईच्या माळा ओवणाऱ्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीचे तीन तास कोणत्या घड्याळावर मोजावयाचे आणि ते कोणी मोजावयाचे? ती मुलगी खेळते आहे, मदत करते आहे की राबते आहे, हे ठरविण्याचे साधन या नियमांनी कोणाच्याच हाती दिलेले नाही. या गावच्या घरांना चौकटी आहेत पण दारे नाहीत, म्हणून शिंगणापूर प्रसिद्ध आहे. परंतु उंबऱ्याशी येऊन थांबलेल्या कायद्याला दार नसलेले घरही बंदच असते.

मुलाने घरच्या कामाला हात लावूच नये, असे माझे म्हणणे नाही. कुंभाराच्या चाकाशी, सुताराच्या रंध्याशी, शेतकऱ्याच्या बांधावर बसून कित्येक पिढ्यांनी आपली विद्या मिळविली, आणि त्या विद्येचा अव्हेर करण्याचा अधिकार शाळेत शिकलेल्या आम्हा लोकांना नाही. मे २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा अपवाद मान्य करताना नेमकी हीच भूमिका पुढे केली होती: देशाची सामाजिक वीण आणि आर्थिक स्थिती ध्यानात घेतली पाहिजे, शेती आणि कारागिरीत मुले आईबापांना मदत करता करताच धंद्याचे धडे गिरवितात, असे त्या वेळच्या सरकारी निवेदनात सांगितले होते. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे आणि त्यातील अर्धा भाग खराही आहे. परंतु कायदा हा चांगल्या बापासाठी करावयाचा नसतो. चांगल्या बापाला मुलाची झोप आणि मुलाचा अभ्यास कळतो. ज्या बापावर सावकाराचा किंवा मुकादमाचा तगादा आहे, त्याच्या मुलाचे रक्षण कसे होणार, हा कायद्यापुढचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला हे निवेदन स्पर्शही करीत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की बापाची विद्या मुलाने घ्यावी हे ज्या घरांविषयी सांगितले जाते, ती घरे बहुधा ठरावीक जातींची आणि ठरावीक दारिद्र्याची असतात. वकिलाच्या मुलाने शाळा सुटल्यावर रोज तीन तास पक्षकारांची दप्तरे वाहावीत, असा आग्रह धरणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत मुले राबू लागली, तेव्हा सरकारने १८७५ मध्ये एक चौकशी समिती नेमली, आणि तिच्या बहुमताचा निर्णय असा पडला की कायद्याची गरज नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मात्र हा विषय सोडला नाही. पुढे १८८१ चा कारखान्यांचा कायदा झाला, त्याने सात वर्षांखालील मुलांना मज्जाव केला आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांचे मूल आणि नऊ तास! त्या कायद्यालाही तेव्हा विरोध झाला. हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा देशी धंदा बुडविण्याचा डाव आहे, असे गिरणीमालक म्हणाले आणि अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्यांचीच री ओढली. लँकेशायरचा स्वार्थ त्यात होता, हे खोटे नव्हे; परंतु मँचेस्टरचा स्वार्थ सिद्ध झाला म्हणून परळच्या मुलाचे नऊ तास कमी होत नव्हते. आगरकरांच्या प्रभावाखालील ‘मराठा’ पत्राने त्या काळी मजुरांची बाजू घेतली, ही आपल्या वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांनिशी मागण्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला, ही त्याहून मोठी. १८९१ च्या दुरुस्तीने वयाची मर्यादा नऊ वर्षांवर आणि मुलांचे तास सातांवर आले; १९२२ मध्ये वय बारावर गेले. तासांची मर्यादा घातली की तीच मुले दोन गिरण्यांत दोन नावांनी कामाला जाऊ लागली, असेही आढळले, आणि त्यासाठी पुढे पालकांना जबाबदार धरणारी स्वतंत्र तरतूद करावी लागली. गिरणीसारख्या एकाच इमारतीत, हजेरीपुस्तक आणि तपासनीस दोन्ही असताना तासांचा हिशेब जर असा फसला, तर घराघरांत तो कसा राखला जाणार?

शिक्षणाच्या बाजूनेही हाच झगडा झाला, आणि त्याची आठवण मला विशेष महत्त्वाची वाटते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते दुसऱ्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सगळी मुले शाळेत गेली तर आमच्या शेतीचे काय होईल, अशी चिंता व्यक्त करणारा अर्ज दरभंग्याच्या महाराजांनी जमीनदारांच्या सह्यांनिशी केला होता. त्यापूर्वीच बडोद्यात सयाजीरावांनी आणि पुढे १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी शिक्षण सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकाला करवीर संस्थानात दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला होता. शाहू महाराजांच्या रयतेला आपल्या मुलांविषयी प्रेम नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. गरिबाच्या प्रेमालाही कायद्याच्या आधाराची गरज असते, हे त्या राजाला समजले होते.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २४ व्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात, खाणीत किंवा अन्य धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली. शेत त्यात नव्हते आणि घरही नव्हते. १९८६ च्या कायद्यातही, घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कारखानदारीला सूट होती, आणि ती सूट कशी वापरली गेली, हे पाहावयास नगर आणि संगमनेर येथील विडी कामगारांची वस्ती पुरेशी आहे. कंपनीचा ठेकेदार पाने आणि तंबाखू घरी देतो, बाई सुपात पाने घेऊन बसते, आणि वळलेल्या विडीला दोरा बांधावयाला तिच्या मुलीची बोटे लागतात. विड्या वळणे धोक्याच्या यादीत होते, पण घर त्या यादीबाहेर होते. २०१२ मध्ये तेव्हाच्या सरकारने राज्यसभेत जे विधेयक मांडले, ते चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर सरसकट बंदी घालण्याच्या उद्देशाचे होते. तेच विधेयक चार वर्षांनी मंजूर झाले ते हा घरचा अपवाद अधिक रुंद करून आणि जुन्या कायद्यात निषिद्ध असलेल्या ८३ धंद्यांची व प्रक्रियांची यादी किशोरवयीनांसाठी तीनच बाबींवर आणून. कैलाश सत्यार्थी यांना मुलांच्या हक्कांसाठी नोबेल मिळून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी आणि युनिसेफने आक्षेप नोंदविले, परंतु मूळ अपवाद कायम राहिला. यादीत मात्र पुढच्याच वर्षी पुन्हा भर घालावी लागली.

आमच्या नगर जिल्ह्यात या सगळ्याचा अर्थ उसाच्या फडात कळतो. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी केला. आज नेवासे तालुक्यातच सोनई आणि भेंडे येथे मोठे सहकारी कारखाने उभे आहेत, आणि या सहकाराने मुळा-प्रवरेच्या खोऱ्याचे रूप पालटले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण ऊस तोडण्यास जी माणसे येतात ती बीड, पाथर्डी, शेवगाव अशा कोरडवाहू मुलखातली असतात, आणि दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ती निघतात. मुकादम त्यांना हंगामाआधीच उचल देतो. ही उचल माणशी नसते, कोयत्यावर असते, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस हा ‘अर्धा कोयता’. मराठवाड्यात मुलींची लग्ने लहान वयात का उरकली जातात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे, की लग्न झाले म्हणजे कोयता पुरा होतो.

फडातील दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. पुरुष बुडख्याशी ऊस तोडतो आणि पाचट सोलतो, बाई मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढविते. उसाचे शेंडे, ज्यांना वाढे म्हणतात, ते निराळे काढून त्यांच्या पेंढ्या बांधावयाच्या आणि गुराढोरांच्या मालकांना विकावयाच्या. रोजच्या मीठमिरचीचा पैसा त्यातून सुटतो. आठ-नऊ वर्षांची पोर वाढे गोळा करते, बैलांना पाणी दाखविते, हंडा भरून आणते आणि कडेवर तान्हे भावंड सांभाळते, म्हणून तिच्या आईचे दोन्ही हात कोयत्याला मोकळे राहतात. एका दिवसाचा खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. मजुरी टनावर मिळते. त्या टनात मुलीचे किती किलो आहेत, याची नोंद कोणत्याही वहीत नसते, कारण कागदोपत्री ती मजूर नाहीच. ती कुटुंबाला मदत करते आहे! ‘शाळेच्या वेळेनंतर’ हे शब्द तिला लागू करावयाचे, तर प्रथम तिला शाळा हवी, आणि तिची शाळा तर शंभर-दीडशे किलोमीटर मागे, गावी राहिलेली असते. शिक्षण हमी कार्ड, साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, आणि अलीकडे संत भगवान बाबांच्या नावाने सुरू झालेली शासकीय वसतिगृहांची योजना, हे सारे प्रयत्न मनापासून केलेले आहेत, आणि जेथे चांगला शिक्षक किंवा चांगला अधीक्षक लाभला तेथे मुले खरोखरीच गावी राहून शिकली आहेत. परंतु आईबापांवाचून सहा महिने मुलीला मागे ठेवावयाचे, तर तिच्या सुरक्षिततेची खात्री लागते, आणि ती खात्री वाटत नाही म्हणून मुली फडावर अधिक जातात.

नातेवाइकाच्या नावाखाली मूल कोठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण याच जिल्ह्याने २०२२ साली पाहिले. इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची मुले नगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे किरकोळ रकमेवर किंवा एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात ठेवण्यात आली होती. त्यांतील सुमारे दहा वर्षांच्या एका मुलीचा सप्टेंबर महिन्यात मृत्यू झाला, तेव्हा श्रमजीवी संघटनेच्या पाठपुराव्याने गुन्हे दाखल झाले आणि मागोमाग इतर मुलेही सुटली. हा व्यवहार कोणत्याही कायद्यात बसणारा नव्हता: मुलाचे श्रम गहाण टाकण्याविरुद्धचा कायदा तर १९३३ पासून आपल्याकडे आहे आणि वेठबिगारीविरुद्धचा १९७६ पासून. तरीही एक मूल मरेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, कारण मेंढरांमागे चालणारे पोर पाहून वाटसरूला ते धनगराच्याच घरचे वाटते. कोणी हटकले तर ‘बहिणीचा मुलगा आहे’ एवढे उत्तर पुरते, आणि नव्या कायद्याने मामाला कुटुंबात घेऊन त्या उत्तराला वजन दिले आहे.

जगातही हाच क्रम दिसतो. अमेरिकेत १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला, आणि १९२४ मध्ये सुचविलेली घटनादुरुस्ती, सरकार बापाच्या शेतावर मुलाला काम करू देणार नाही अशी भीती घालून, राज्याराज्यांत अडविली गेली. २०२३ मध्ये आर्कान्सा राज्याने सोळा वर्षांखालील मुलांच्या कामासाठी लागणाऱ्या परवान्याची अट रद्द केली, तीही आईबापांच्या अधिकाराचे नाव घेऊन. बोलिव्हियाने २०१४ मध्ये दहा वर्षांच्या मुलांना कामाची मुभा दिली; चार वर्षांनी मात्र ती काढून घेतली. आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व युनिसेफ यांनी २०२० च्या स्थितीचा जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यात बालमजुरीपैकी ७२ टक्के बालमजुरी कुटुंबाच्या आतच घडते, असे दिसून आले. म्हणजे जेथे बालमजुरी सर्वांत अधिक, नेमक्या तेथेच आपण सूट दिली आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पाच ते चौदा वयाची जवळपास पाच लाख मुले मुख्यत्वे काम करणारी म्हणून नोंदली गेली. जी केवळ हंगामापुरती राबतात ती या आकड्यात नाहीत.

हा अपवाद संसदेने घातला आहे आणि संसदच तो काढू शकते. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला याविषयी पत्र लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही. त्यापूर्वीही एक गोष्ट हाती घेण्यासारखी आहे. हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या साखर कारखान्याचे सभासद असतील. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या भावावर तासन्‌तास चर्चा होते, ती व्हावयासच पाहिजे. त्याच सभेत उभे राहून विचारावे, की या हंगामात आपल्या कारखान्याकडे तोडणीस आलेल्या टोळ्यांबरोबर सहा ते चौदा वर्षांची किती मुले आली, त्यांची नावे कोणत्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत, आणि हा आकडा अहवालात का छापला जात नाही. उत्तर मिळेपर्यंत दरवर्षी विचारावे.